एच-इंडेक्स ३८ की १३? गाइड निवडताना काय पाहावं

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.टेक. झाली. पीएच.डी.साठी तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळतो आहे. एका ठिकाणच्या सरांचा गुगल स्कॉलरवर एच-इंडेक्स ३८ आहे, दुसऱ्या ठिकाणच्या मॅडमचा १३. मुलीचा ओढा मॅडमकडे आहे. मी बँकेत नोकरी केली, आकडे मला कळतात. ३८ सोडून १३ घ्यायचे हे मनाला पटत नाही. घरात यावरून रोज वाद होतो. दोघांच्या पानांचे दुवे पाठवत आहे. स्पष्ट सांगावे.
— एक वडील, मिरज

उत्तर : नमस्कार. तुम्ही बँकेतले आहात, तेव्हा आधी हिशेबच मांडते.

एच-इंडेक्स ही कल्पना होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या शाखेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. एखाद्याच्या पेपरचा दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरात संदर्भ दिला की ते एक सायटेशन. गुगल स्कॉलर ही गुगलची संशोधन-लेख शोधायची सेवा ती मोजते. माणसाचे सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. समजा आकडे असे आहेत : १२०, ४५, ३०, ९, ८, ५, ४. पाचव्या पेपरला ८ सायटेशन, म्हणजे पाचाच्या वर. सहाव्याला ५, सहा नाहीत. एच-इंडेक्स झाला ५. आता पहिल्या पेपरची सायटेशन १२० वरून १२ हजारांवर गेली, तरी एच-इंडेक्स ५च राहतो. उलट तळाच्या दोन पेपरांना दोन-तीन सायटेशन जास्त मिळाली, तर तो थेट ७ होतो.

म्हणजे हा आकडा सातत्य दाखवतो, पण कामाची उंची दाखवत नाही. एड्सगर डायक्स्ट्रा यांचा १९५९ चा एक पेपर जेमतेम तीन पानांचा आहे. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता कसा काढायचा, ही रीत त्यात आहे आणि आज कॉम्प्युटर सायन्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती शिकवली जाते. त्या तीन पानांची एच-इंडेक्सच्या वहीत किंमत फक्त एक. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. माणसाने काम थांबवलं तरी जुन्या पेपरांवर तो चढत राहतो. त्यामुळे पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या सरांची आणि दहा वर्षांपूर्वी लागलेल्या मॅडमची तुलना त्यावरून करताच येत नाही. हिर्श यांनी मूळ लेखात वीस वर्षांच्या कामानंतर २० म्हणजे यशस्वी, ४० म्हणजे असामान्य असा अंदाज दिला होता, पण तोही भौतिकशास्त्रासाठी. पुढे २०२० मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की हा निर्देशांक सपशेल चुकू शकतो आणि त्याचे वाईट परिणामही होतात.

आता विषयाचा फरक. तुम्ही दिलेल्या दुव्यांवरून सर डीप लर्निंगमध्ये (संगणकाला ढीगभर उदाहरणांवरून शिकवण्याच्या तंत्रात) आहेत आणि मॅडम कंपायलरमध्ये (माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये). ही दोन गावं वेगळी आहेत. डीप लर्निंगमधल्या ‘रेसनेट’ या चित्रं ओळखणाऱ्या रचनेच्या पेपरला गुगल स्कॉलरवर दोन लाखांहून जास्त सायटेशन आहेत. आशीष वासवानी आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या ज्या पेपरातून आजची चॅटबॉट्स उभी राहिली, त्याची सायटेशनही लाखाच्या पुढे आहेत. त्या क्षेत्रात माणसं अफाट, पेपर अफाट, आणि प्रत्येक पेपराच्या शेवटी संदर्भांची लांबलचक यादी. कंपायलर किंवा थिअरीमध्ये, म्हणजे संगणनाच्या गणिती अभ्यासात, शंभर-दोनशे सायटेशन मिळालेला पेपर ही मोठी गोष्ट मानतात. एकाच विषयातली, साधारण एकाच वयाची दोन माणसं असतील तर आकडे शेजारी ठेवून थोडं काही कळतं. इथे तसं नाही.

आणखी एक बाब बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. इतर बहुतेक शास्त्रांत जर्नलमधला लेख सर्वांत मानाचा. कॉम्प्युटर सायन्समध्ये तो मान बड्या कॉन्फरन्सचा आहे. तिथे पूर्ण पेपर पाठवावा लागतो, तीन-चार तज्ज्ञ तो तपासतात आणि बहुसंख्य पेपर परत जातात. प्रोग्रामिंग भाषांसाठी पीएलडीआय आणि पीओपीएल, थिअरीसाठी एसटीओसी आणि एफओसीएस, मशीन लर्निंगसाठी न्यूरिप्स आणि आयसीएमएल. म्हणून आमच्या विषयातल्या माणसाचं काम बघायचं तर गुगल स्कॉलरच्या आधी डीबीएलपी उघडायची सवय लावावी. १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात मिखाएल लाय यांनी कॉम्प्युटर सायन्समधल्या पेपरांची ही सूची सुरू केली. तिथे सायटेशनचा आकडा नसतो. कुणी, कुणाबरोबर, कुठे, कधी छापलं, एवढंच वर्षवार दिसतं. प्रत्येक नोंदीपुढे छोटा रंगीत चौकोन असतो : निळा कॉन्फरन्सचा, लाल जर्नलचा, करडा इतर किरकोळ गोष्टींचा. एकाच नावाची अनेक माणसं असली तर नावापुढे ०००१, ०००२ असे क्रमांक असतात. आपल्याकडच्या नावांना याची फार गरज पडते, कारण गुगल स्कॉलरच्या काही पानांवर भलत्याच माणसाचे पेपर घुसलेले असतात.

दोन्ही पानं मी एक संध्याकाळ बसून वाचली. सरांच्या पानावर तीनशेहून अधिक पेपर आहेत, त्यातले पन्नासच्या आसपास एका गेल्या वर्षातले. आठवड्याला एक पेपर पडला. पिकांवरचे रोग, छातीचे एक्स-रे, शेअर बाजाराचा अंदाज, वाहतुकीची कोंडी, विषय दर महिन्याला बदलतो आणि रीत बहुतेक तीच राहते. सर्वांत जास्त सायटेशन मिळालेले दोन्ही लेख आढावा लेख आहेत. आढावा लिहिणं वाईट नाही, उलट चांगल्या आढाव्याने नव्या विद्यार्थ्याची वर्षं वाचतात. पण आढाव्यांना सायटेशन सहज मिळतात, आणि त्यातून माणसाने स्वतः काय शोधलं ते कळत नाही.

मग मी मधल्या क्रमांकावरच्या एका पेपराखालच्या सायटेशनच्या आकड्यावर टिचकी मारली. संदर्भ देणाऱ्या पेपरांची यादी उघडते, त्यातले काही उघडून वाचले. प्रत्येक ठिकाणी तोच प्रकार : प्रस्तावनेत एक वाक्य, ‘अलीकडे या क्षेत्रात बरंच काम झालं आहे’, आणि पुढे कंसात [१४–२९]. त्या सोळांतले हे एक. पुढे संपूर्ण पेपरात त्याचं नाव नाही. शिवाय संदर्भ देणाऱ्यांत सरांची स्वतःची आणि त्यांच्या सहलेखकांची नावं वारंवार येतात. आपल्या आधीच्या कामाचा संदर्भ आपण देणं साहजिक आहे, मी कुणावर आरोप करत नाही. पण ३८ या आकड्यात खोगीरभरती किती, हे असं आत जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

मॅडमचं पान लहान आहे. डीबीएलपीवर तीसेक नोंदी, बहुतेक निळ्या, त्यात पीएलडीआय आणि ओओपीएसएलए या बड्या कॉन्फरन्स आहेत. काही पेपरांवर एसीएम या कॉम्प्युटर शास्त्रज्ञांच्या संघटनेचे बिल्ले आहेत. त्याचा अर्थ असा की पेपरासोबतचा प्रोग्रॅम एका वेगळ्या समितीने उतरवून घेतला, चालवला आणि तो चालला. याला माझ्या लेखी फार मोल आहे. त्यांच्या एका पेपराला सायटेशन तशी थोडीच आहेत, पण संदर्भ देणाऱ्यांपैकी एका पेपराचा अख्खा तिसरा विभाग ‘यांच्या विश्लेषणाच्या पद्धतीत आम्ही अमुक भर घातली’ यावर उभा आहे. परदेशातल्या दुसऱ्या एका गटाने तीच पद्धत आपल्या साधनात वापरली आहे. कंसातल्या सोळांपैकी एक असणं आणि कुणीतरी आपल्या खांद्यावर उभं राहून पुढचं काम करणं, गुगल स्कॉलर दोन्हीला एकच मोजतं.

आणि तुमच्या मुलीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विद्यार्थ्यांची नावं. मॅडमच्या यादीत एका विद्यार्थिनीचं नाव तीन पेपरांत पहिलं आहे. काही वर्षांनी ते नाव त्यांच्या पानावरून जातं आणि दुसऱ्या संस्थेत, मॅडमशिवाय, स्वतःच्या कामावर दिसायला लागतं. याचा अर्थ तिथे माणूस तयार झाला. सरांच्या पानावर एवढ्या गर्दीत कोण कुणाचा विद्यार्थी हे मला शोधूनही लागलं नाही. मुलीला सांगा, दोन्हीकडच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना फोन करून विचार : गाइड आठवड्यातून किती वेळ देतात, पेपरचा कच्चा मसुदा स्वतः वाचतात का, पीएच.डी. किती वर्षांत झाली, विषय मध्येच सोडून गेलं का कुणी.

या सगळ्यावरून माझं मत विचाराल तर मुलीचा ओढा बरोबर आहे. तिला कंपायलर मनापासून आवडत असतील तर तिने बेलाशक मॅडमकडे जावं. तिला डीप लर्निंगच करायचं असेल, तर मात्र याच सरांकडे जायची घाई न करता त्या विषयातलं तिसरं कुणी शोधावं.

प्रश्न : आमच्या कॉलेजातल्या एका सरांचे नाव ‘स्टॅनफर्डच्या जगातल्या अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत’ आले. वर्तमानपत्रात फोटो आला, सत्कार झाला. आता प्राचार्य आम्हा सगळ्यांना विचारतात, तुमचे नाव कधी येणार? मी अल्गोरिदमच्या थिअरीत काम करते, पेपर कमी पण चांगल्या कॉन्फरन्समध्ये आहेत. काय उत्तर देऊ?
— सहायक प्राध्यापिका, नांदेड

उत्तर : ताई, ही यादी म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार नव्हे. तिथले प्राध्यापक जॉन आयोआनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोपस या संशोधन-लेखांच्या सूचीतल्या माहितीवरून ती केली. पहिला लेख २०१९ चा, पुढे तिच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या. कुणी अर्ज करत नाही, कुणी काम वाचत नाही. गणित करून नावं निघतात. दोन वेगळ्या याद्या असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी फक्त एका वर्षातल्या सायटेशनची. आपल्याकडच्या बातम्यांत हा फरक बहुधा गायब असतो. ज्या सरांचा सत्कार झाला त्यांच्याबद्दल मनात किंतु ठेवू नका, नाव येण्यात त्यांचा काही दोष नाही आणि त्यांचं काम खरंच चांगलं असू शकतं.

गणित मात्र तुमच्या विषयाला मारक आहे, आणि हे प्राचार्यांना समजावून सांगण्यासारखं आहे. त्यात सहा गोष्टी धरतात : एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येप्रमाणे सुधारलेला एच-इंडेक्स, आणि माणूस एकटा लेखक, पहिला लेखक किंवा शेवटचा लेखक असलेल्या पेपरांच्या सायटेशनचे तीन प्रकार. प्रयोगशाळेतल्या विषयांत पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रमुखाचं, तिथे हे ठीक. पण थिअरीत नावं आडनावांच्या वर्णानुक्रमाने लागतात. आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांचंच घ्या. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे खात्रीने आणि वेगाने ओळखणारी रीत त्यांनी २००२ च्या ऑगस्टमध्ये जगापुढे ठेवली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले. पेपर २००४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आला, २००६ मध्ये त्याला थिअरीतला मानाचा गोडेल पुरस्कार मिळाला. नावांचा क्रम वर्णानुक्रमाचा, म्हणून अगरवाल पहिले, सक्सेना शेवटचे आणि कयाल मधले. त्या यादीच्या सूत्रात या कामाची पहिल्या-शेवटच्या नावाची पुण्याई अगरवाल आणि सक्सेना यांच्या खात्यावर, कयाल यांच्या खात्यावर शून्य. तिघांच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

प्राचार्यांना नुसतं बोलून पटणार नाही, कागद दाखवा. अमेरिकेतल्या कॉम्प्युटिंग रिसर्च असोसिएशनने १९९९ मध्येच एक टिपण काढलं, डेव्हिड पॅटरसन, लॉरेन्स स्नायडर आणि जेफ्री उलमन यांनी लिहिलेलं. कॉम्प्युटर सायन्सच्या प्राध्यापकाला बढती देताना बड्या कॉन्फरन्समधले पेपर आणि उभी केलेली सॉफ्टवेअर यांना जर्नलइतकाच मान द्यावा, हा त्याचा आशय. दुसरा कागद सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा, २०१३ चा : जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्यावरून) व्यक्तीचं काम जोखू नये. जर्मनीच्या सरकारी संशोधन निधीने तर २०१० पासून अर्जदाराला परिचयात मोजकेच, पाच महत्त्वाचे पेपर लिहायला सांगितले. तुम्हीही तसंच करा. वार्षिक अहवालात तुमचे तीन पेपर निवडा आणि प्रत्येकाखाली मराठीत चार ओळी लिहा : प्रश्न काय होता, आधी काय माहीत होतं, तुम्ही काय सिद्ध केलंत, त्यावर पुढे कुणी काय केलं. मी निवड समित्यांवर बसत असे तेव्हा अशा चार ओळी लिहून आणणारा उमेदवार समोर आला की चर्चेचा सूरच बदलायचा. आकड्यांवर वाद घालणारे सदस्य कामावर प्रश्न विचारू लागायचे.

प्रश्न : ‘महिन्याभरात स्कोपस पेपर, लेखकांत पहिले नाव हवे तर एक दर, दुसरे हवे तर दुसरा, सायटेशनही वाढवून मिळतील’ असे मेसेज रोज येतात. माझ्यासोबतच्या काहींनी पैसे भरले. माझी बढती पेपरांवर अडली आहे. मी काय करावे?
— इंजिनिअरिंग कॉलेजातील प्राध्यापक, जळगाव

उत्तर : पैसे भरू नका. तुमची अडचण खरी आहे आणि ती तुमच्यावर लादलेली आहे, हे मला माहीत आहे. तरीही नको.

असे पेपर पकडले जातात. मागे घेतलेल्या पेपरावर तशी सूचना कायमची राहते आणि नाव तुमचं असतं, मेसेज पाठवणाऱ्याचं नसतं. स्कोपस स्वतः वेळोवेळी काही जर्नलं यादीतून काढून टाकतं, तेव्हा आज विकत घेतलेला शिक्का उद्या टिकेलच असं नाही. आपल्याकडे यूजीसीने मे २०१८ मध्ये एका फटक्यात ४,३०५ जर्नलं मान्य यादीतून काढली. त्याच सुमारास पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या यादीतल्या जर्नलांची तपासणी करून ती किती कमअस्सल आहेत हे दाखवलं होतं. पुढे यूजीसीची चांगल्या जर्नलांची केअर यादी आली, २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता कुठलं जर्नल चांगलं हे ठरवायची जबाबदारी संस्थांवर आहे. म्हणजे उद्या तुमच्या फायलीतला पेपर कुणीतरी उघडून वाचेल, अशी शक्यता वाढली आहे.

आणि फुगवलेला आकडा किती पोकळ असतो त्याचं उदाहरण देते. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथले सिरिल लाबे यांनी २०१० मध्ये आइक अँटकारे नावाचा अस्तित्वातच नसलेला संशोधक तयार केला. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम अर्थहीन पेपर आपोआप लिहून देत असे. त्यातून शंभरेक पेपर काढले, सगळ्यांत एकमेकांचे संदर्भ घातले आणि इंटरनेटवर ठेवून दिले. गुगल स्कॉलरने ते उचलले. अँटकारेचा एच-इंडेक्स झाला ९४. लाबे यांनी पुढे असे अर्थहीन पेपर ओळखायचं साधन बनवलं आणि २०१४ मध्ये स्प्रिंगर व आयट्रिपलई या प्रकाशकांना असे १२० हून अधिक पेपर मागे घ्यावे लागले.

मग करायचं काय? छोट्या कॉलेजात महागडी यंत्रं नसतात, पण भाषा असते. पुण्यातल्या एल३क्यूब या गटाने इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट्स गोळा केली, प्रत्येकाचा सूर चांगला, वाईट की तटस्थ हे माणसांकडून ठरवून घेतलं आणि सगळा संच खुला केला. पुढच्या वर्षी २५ हजार मराठी वाक्यांत व्यक्ती, ठिकाण, संस्था अशी नावं खुणावून दिली. यासाठी लागला तो चिकाटीने केलेला हातांचा आणि डोळ्यांचा कष्ट. मराठीवर प्रयोग करू पाहणाऱ्या कुणालाही आता तयार सामग्री मिळते आणि तो पेपरात तिचा संदर्भ देतो.

तुम्ही जळगावला आहात, भोवती अहिराणी बोलली जाते. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी कितीतरी जण घरी तीच बोलत असतील. त्यांच्याकडून पाचेक हजार वाक्यं आवाजासह नोंदवून घ्या, बोलणाऱ्यांची लेखी संमती घ्या, प्रत्येक वाक्य दोन वेगवेगळ्या माणसांकडून लिहून घ्या आणि त्यांचं कुठे जुळलं नाही तेही नोंदवा. एखाद्या भाषा-तंत्रज्ञान कार्यशाळेत पाठवण्याजोगा पेपर यातून वर्षभरात उभा राहतो. संमतीपत्राचा मराठी नमुना माझ्याकडे आहे. मासिकाच्या पत्त्यावर कळवा, पाठवून देते.